दोन हजार चौरस किलोमीटरवर सही: जोसेफ गॉस्नेल यांनी काय मिळवलं, काय सोडलं

गोंडी मुलखात सामूहिक वनहक्काचे दावे भरून घेणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं आहे: "कॅनडातल्या निस्गा समाजाचे नेते जोसेफ गॉस्नेल यांचं नाव आपल्या प्रशिक्षणांत आदराने घेतात. पण त्यांनी दावा केलेल्या मुलखाच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर सही केली, करमाफीही सोडून दिली. मग याला यश कसं म्हणायचं? आणि आपल्या कामात यातून घेण्यासारखं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. गॉस्नेल यांना त्यांच्या हयातीत हाच प्रश्न त्यांच्याच लोकांनी विचारला होता, तोही चांगल्या कडक शब्दांत. मी अनेक वर्षं ग्रामसभांबरोबर दावे, हद्दी आणि सुनावण्या हेच काम करत आलो आहे, त्या अनुभवातून हे लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. निस्गा करार हे यश आहे, पण नुसता नकाशा समोर ठेवून ते दिसणार नाही. गॉस्नेल यांचं मोठेपण मला सहीच्या समारंभातही दिसत नाही. आपल्याच लोकांना "एवढं मिळेल, बाकीचं मिळणार नाही" असं समोरासमोर सांगायचं, तरी त्यांचा विश्वास टिकवायचा आणि शेवटचा शब्द त्यांच्याच हाती ठेवायचा, हे काम त्यांनी केलं. सरकारशी भांडणारे पुढारी पुष्कळ असतात. भांडण संपवायची वेळ आल्यावर लोकांना बरोबर घेऊन कागदापर्यंत पोचणारे फार थोडे.

आता मागचा इतिहास, कारण त्याशिवाय आठ टक्क्यांचा अर्थ लागत नाही.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य टोकाला, अलास्काच्या हद्दीजवळ, नास नदीचं खोरं आहे. निस्गांची चार गावं या खोऱ्यात. नदीत चढणारा सॅमन मासा हा त्यांच्या जगण्याचा कणा. कॅनडाच्या बऱ्याच भागांत इंग्रजांनी मूळ रहिवाशांशी निदान कागदोपत्री तह तरी केले होते. या प्रांतात थोडे अपवाद सोडले तर तेही झालं नाही. सरकारने मुलूख आपला मानला आणि लोकांना छोट्या राखीव तुकड्यांवर बसवलं. १८८७ साली निस्गा आणि शेजारच्या सिम्शियन समाजाचे प्रमुख समुद्रमार्गे राजधानी व्हिक्टोरियाला गेले. जमिनीचा प्रश्न तहाने सोडवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. प्रांताचे पंतप्रधान विल्यम स्मिथ यांनी त्यांना विन्मुख परत पाठवलं. त्यानंतर खोऱ्यात चौकशी आयोग आला, तेव्हा डेव्हिड मॅके नावाच्या निस्गा माणसाने आयोगाला सुनावलं की तुम्ही आम्हाला इतकी जमीन देऊ म्हणता, पण जी आमचीच आहे ती तुम्ही देणार कशी? आपल्याकडे मोजणीच्या वेळी "सरकार पट्टा देणार" असं ऐकून एखादा म्हातारा गायता, म्हणजे गावचा पुजारी, हेच विचारतो, हे तू ऐकलंच असशील.

१८९० मध्ये त्यांनी जमीन समिती स्थापन केली. १९१३ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे, अर्ज धाडला. कॅनडा सरकारने याला दिलेलं उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९२७ साली कायदा दुरुस्त करून जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करण्यावर आणि वकील लावण्यासाठी पैसे देण्याघेण्यावर बंदी घातली. ही बंदी १९५१ पर्यंत होती. जोसेफ गॉस्नेल जन्मले १९३६ साली. म्हणजे ज्या प्रश्नावर पुढे त्यांनी आयुष्य खर्च केलं, त्यासाठी पैसे जमवणं त्यांच्या जन्माच्या वेळी गुन्हा होता.

लहानपणी त्यांना घरापासून फार दूर अलर्ट बेच्या निवासी शाळेत ठेवलं गेलं. या शाळांनी मूळ रहिवाशांच्या मुलांची भाषा आणि घर दोन्ही कसं तोडलं, यावर कॅनडाने पुढे सत्यशोधन आयोग नेमला. शाळेनंतर ते मासेमार झाले. बोटीवर, जाळ्यांवर, कॅनरीच्या (मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या) हिशेबांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. कायद्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. वाटाघाटींच्या टेबलावर मात्र या मासेमारीचा फार उपयोग झाला, त्याकडे मी येतोच.

त्यांच्या आधीच्या माणसांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपण प्रशिक्षणात एकच नाव घेतो आणि शंभर वर्षांची रांग विसरतो. फ्रँक काल्डर १९४९ साली प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले. सरकारदरबारी 'इंडियन' म्हणून नोंद असलेल्या समाजांतून कॅनडातल्या कुठल्याही विधिमंडळात पोचलेले ते पहिले आमदार. १९५५ मध्ये जुन्या जमीन समितीच्या जागी निस्गा आदिवासी परिषद उभी राहिली, तिचे ते अध्यक्ष झाले. टॉम बर्जर या तरुण वकिलाला घेऊन त्यांनी प्रांत सरकारवर दावा लावला: निस्गांचा जमिनीवरचा मूळ हक्क कधीच संपलेला नाही, असं न्यायालयाने जाहीर करावं. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३१ जानेवारी १९७३ ला आला, आणि तोही तांत्रिकदृष्ट्या विरोधातच गेला. सातपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की गोरे येण्याआधीपासूनचा असा हक्क कायद्याला ठाऊक आहे. तो अजून शिल्लक आहे का, यावर तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. सातव्या न्यायाधीशांनी, निस्गांनी सरकारवर दावा लावायची परवानगीच घेतली नव्हती, या मुद्द्यावर खटला फेटाळला.

या हरलेल्या खटल्याने कॅनडाचं धोरण बदललं. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांचं सरकार चारच वर्षं आधी असे हक्क मानायला तयार नव्हतं. त्याच सरकारने १९७३ च्या ऑगस्टमध्ये जमिनीच्या दाव्यांवर बोलणी करण्याचं धोरण जाहीर केलं. निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचून फाइल बंद करणाऱ्या आपल्या मित्रांना मी हा खटला मुद्दाम सांगतो. न्यायालयाने दार उघडलं ते एवढंच, आत जाऊन बसायला आणखी सतरा वर्षं लागली.

का लागली? १९७६ पासून केंद्र सरकार बोलायला बसलं होतं, पण प्रांत बसेना. कॅनडात जमीन आणि जंगल प्रांताच्या मालकीचं. त्यामुळे केंद्राचे अधिकारी समोर असूनही टेबलावर ठेवायला त्यांच्याकडे जमीनच नव्हती. तिकडे बोलणी चालू, इकडे खोऱ्यातलं लाकूड तोडून नेणं चालू. या काळात परिषदेचं नेतृत्व जोसेफ यांचे भाऊ जेम्स गॉस्नेल यांच्याकडे होतं. ते तडाखेबंद बोलणारे, हा सगळा मुलूख संपूर्णपणे आमचा आहे असं परिषदांतून ठणकावणारे. १९८८ साली ते गेले, करार न पाहता. १९९० च्या उन्हाळ्यात क्वेबेकमध्ये ओका इथे मोहॉक लोक आणि सैन्य समोरासमोर उभे राहिले, ब्रिटिश कोलंबियातही जागोजागी रस्ते अडवले गेले, लाकूड आणि खाण कंपन्यांना गुंतवणुकीची धास्ती वाटू लागली. तेव्हा कुठे प्रांत बोलण्यांत सामील झाला. जोसेफ गॉस्नेल १९९२ मध्ये परिषदेचे अध्यक्ष झाले ते या वळणावर.

आता मासेमारी. सॅमनमधला किती वाटा निस्गांचा, हा करारातला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक होता. सरकारकडे आकडे असतात आणि लोकांकडे आठवणी, असं चित्र असलं की बोलणी कशी होतात हे तू जिल्हास्तरीय समितीत पाहिलं आहेस. निस्गांनी ते चित्र पालटलं. १९९२ पासून त्यांनी स्वतःचा मत्स्य कार्यक्रम सुरू केला. नास नदीत तरंगती मत्स्यचक्रं लावली. प्रवाहाच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या जाळीच्या टोपल्या पाण्यातून मासे उचलतात आणि बाजूच्या पाण्याच्या टाकीत घसरवतात. माणूस मासा हातात घेतो, जात आणि लांबी नोंदवतो, खूण अडकवतो, परत नदीत सोडतो. वरच्या अंगाला पुन्हा मोजदाद होते. खूण असलेले किती आणि नसलेले किती, यावरून नदीत एकूण किती मासा चढला याचा अंदाज बांधता येतो. हंगामामागून हंगाम हे काम निस्गा माणसांनी केलं. मग वाटाघाटींत माशांबद्दल बोलताना त्यांना कुणाच्या आकड्यांवर विसंबून राहावं लागलं नाही. करारात नास नदीच्या सॅमनपैकी कॅनडाच्या वाट्याला येणाऱ्या मासेमारीतला सरासरी सव्वीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा निस्गांना मिळाला. जन्मभर जाळी ओढलेला माणूस अध्यक्ष असण्याचा आणि या कामाला मिळालेल्या बळाचा संबंध आहे, असं मी मानतो.

आठ टक्क्यांकडे येऊ. करारातून सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन निस्गांच्या पूर्ण मालकीची झाली, जमिनीखालच्या खनिजांसकट. त्याआधी त्यांच्याकडे काय होतं? विखुरलेले राखीव तुकडे, तेही सरकारच्या नावावर, आणि 'इंडियन अॅक्ट' नावाचा कायदा, ज्याखाली गावच्या साध्या ठरावावरही मंत्र्याची छाया. मालकीच्या जमिनीबाहेर कितीतरी मोठ्या क्षेत्रात शिकारीचे, मासेमारीचे आणि व्यवस्थापनात सहभागाचे हक्क राहिले. सुमारे १९ कोटी डॉलर हप्त्यांनी मिळाले. सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे निस्गा लिसिम्स सरकार: स्वतःची राज्यघटना, स्वतःचं विधिमंडळ, आणि भाषा, संस्कृती, जमीन, नागरिकत्व अशा विषयांवर कायदे करण्याचा अधिकार. हा अधिकार कॅनडाच्या राज्यघटनेच्या कलम ३५ च्या संरक्षणाखाली आला. उद्या सरकार बदललं म्हणून साध्या बहुमताने तो काढून घेता येत नाही. इतक्या विस्तृत स्वशासनाला करारातच घटनात्मक संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

सोडलं तेही खरं आहे, त्यावर पांघरूण घालू नये. उरलेल्या मुलखावरचा मालकीचा दावा गेला. करमाफी टप्प्याटप्प्याने संपली, विक्रीकराची आठ वर्षांनी आणि प्राप्तिकराची बारा वर्षांनी. बोलण्यांचा खर्च भागवायला निस्गांना सरकारकडूनच कर्ज काढावं लागलं होतं, ते करारानंतर त्यांच्याच डोक्यावर राहिलं. आपलीच जमीन परत मागायला उधारी, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. अशी कर्जं माफ करण्याचा निर्णय कॅनडाने २०१९ च्या अर्थसंकल्पात घेतला.

मग सही का केली? दुसरा मार्ग होता तो पुन्हा न्यायालयाचा. काल्डर खटल्याने शिकवलं होतं की तिथे हक्क तत्त्वतः मान्य होऊनही पदरात काही पडत नाही. प्रांतातल्याच दुसऱ्या समाजांनी लढवलेल्या डेल्गामूक्व खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ हक्काची व्याख्या बरीच व्यापक केली. तेव्हा निस्गांचा प्राथमिक करार होऊन वर्ष उलटलं होतं. "थांबा, आता जास्त मिळेल" असं म्हणणारे होते, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. पण त्याही निकालात संबंधित समाजांना जमीन मिळाली नाही, नव्याने खटला चालवा असं सांगितलं गेलं. गॉस्नेल यांच्यासमोर खोऱ्यातली माणसं होती. करार पाहायचाच या आशेवर थांबलेले वडीलधारे एकेक करून जात होते.

इथे वाटाघाटींची एक बाब बारकाईने पाहा. निस्गांची जुनी धारणा आहे की खोऱ्यातली संपत्ती सगळ्यांच्या एकाच ताटातली. परिषदेने तिलाच आपली शिस्त बनवलं. चार गावं एकत्र बोलणार, कुठलंही गाव वेगळं जाऊन वेगळा सौदा करणार नाही. समोरच्या बाजूला गावं फोडायची जागाच उरली नाही. आपल्याकडे तेंदूच्या लिलावात ग्रामसभांचा महासंघ जिथे टिकतो तिथे भाव मिळतो आणि दोन गावं फुटली की ठेकेदार भाव पाडतो. तेच तर्कशास्त्र, फक्त तिथे पणाला लागला होता सगळा मुलूख.

४ ऑगस्ट १९९८ ला न्यू आयान्श इथे मसुद्यावर आद्याक्षरं झाली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निस्गांचं मतदान. नियम कडक होता: मतदानाला आलेल्यांचं बहुमत पुरेसं नाही, नोंदलेल्या सगळ्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त होकार हवेत. घरी बसलेला माणूस म्हणजे नकार. ६१ टक्के होकार पडले. विरोधात मत देणारेही शेकड्यांनी होते. या मतदानाला मी करारातलं सगळ्यांत महत्त्वाचं पान मानतो. अडीचशेहून जास्त पानांचा कायदेशीर मसुदा गावागावांत समजावणं, रागावलेल्यांचं ऐकून घेणं, आणि मग एवढ्या उंच दांडीवरून उडी मारायची तयारी ठेवणं. ग्रामसभेचा कोरम भरवायला किती दमछाक होते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या ६१ टक्क्यांचं वजन कळेल.

२ डिसेंबर १९९८ ला गॉस्नेल व्हिक्टोरियाच्या विधिमंडळात बोलले. १८८७ मध्ये पूर्वज याच शहरात आले आणि त्यांना आत घेतलं गेलं नाही, याची त्यांनी आठवण दिली. आम्ही आता सरकारचे आश्रित राहणार नाही, आमच्या चुकाही आम्हीच करू, अशा आशयाचं ते बोलणं मी प्रशिक्षणात वाचून दाखवतो. पण लढाई संपली नव्हती. विरोधी पक्षनेते गॉर्डन कॅम्बेल करार घटनाबाह्य ठरवा म्हणून न्यायालयात गेले, २००० साली हरले. केंद्राच्या संसदेत विरोधी बाकांवरच्या रिफॉर्म पार्टीने ४७१ दुरुस्त्या मांडल्या आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये चाळीस तासांहून जास्त वेळ सलग मतदान चाललं. ११ मे २००० ला करार अमलात आला.

पुढची वीस वर्षं सोपी गेली असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. सॅमन कमी झाला, लाकडाचा धंदा ढासळला, तरुण शहरांकडे गेले. स्वशासन आलं म्हणून रोजगार आपोआप येत नाही. पण काही गोष्टी अशा झाल्या की त्या दुसऱ्या कुणी करून दिल्या नसत्या. संग्रहालयांत गेलेल्या शेकडो वस्तू करारातल्या तरतुदीनुसार परत आल्या आणि २०११ मध्ये खोऱ्यातच निस्गांचं स्वतःचं संग्रहालय उघडलं. १९२९ साली नेलेला एक स्मृतिस्तंभ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडून २०२३ मध्ये घरी आला. हे पाहायला गॉस्नेल नव्हते. उत्तर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे कुलपती असतानाच, ऑगस्ट २०२० मध्ये, कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे असा करार करायची वाटच नाही. २००६ चा वनहक्क कायदा हा संसदेचा कायदा आहे, संसद तो बदलू शकते, आणि दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या समित्यांत ज्या वनखात्याचे अधिकारी बसतात त्याच्याच ताब्यात आधी जंगल होतं. त्यामुळे निस्गांची नक्कल करायला जाऊ नये. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पट्टा आणि अधिकार यांत दोन वर्षांचं अंतर पडलं, तेही मेंढ्यासारख्या जागत्या गावात.

घेण्यासारखं आहे ते कामाच्या पद्धतीत. मत्स्यचक्र आपल्याला लावता येत नाही, पण बांबूची बेटं, मोह, तेंदू, डिंक, वाघाचा वावर याची ग्रामसभेची स्वतःची वही असू शकते. मी पाहिलेल्या एका गावात दोन मुली दर पंधरवड्याला ठरलेल्या पायवाटेने जाऊन नोंद करतात: तारीख, कंपार्टमेंट (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा), किती बेटं तोडली, किती नवे कोंब. कार्य आयोजना, म्हणजे वनखात्याचा जंगलातल्या कामांचा आराखडा, तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने आपले आकडे वाचले तेव्हा त्यातल्या एकीने वही उघडून शांतपणे तिचे आकडे वाचले. पुढची बैठक तिच्या वहीवर झाली.

आणि निस्गा करारातला जो भाग मला खटकतो, त्यातून तर सर्वांत जास्त शिकावं. शेजारच्या गितान्याव समाजाचं म्हणणं आहे की करारात धरलेल्या क्षेत्रात त्यांचा मुलूखही आला. सरकारने ती तक्रार नीट मिटवल्याशिवाय सही करून घेतली, आणि ही कटुता पुढे वर्षानुवर्षं राहिली. गॉस्नेल यांच्याबद्दल एवढा आदर असूनही हे मी त्यांच्या बाजूने सारवत नाही. सरकारला दोन शेजाऱ्यांतलं भांडण सोयीचंच असतं.

तू आत्ता ज्या सात गावांचे दावे तयार करतो आहेस, त्यांत निदान दोन ठिकाणी शिवारं एकमेकांवर चढतील. वनहक्क नियमांतला बारावा नियम सांगतो की पारंपरिक हद्दीबद्दल दोन गावांचं म्हणणं वेगळं असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून पाहणी करावी आणि आपापल्या ग्रामसभेला निष्कर्ष द्यावेत. न मिटल्यासच ते उपविभागीय समितीकडे जातं. ही बैठक नमुना 'ग', म्हणजे सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याचा अर्ज, भरायच्या आधी घे. दोन्हीकडचे म्हातारे बरोबर घेऊन हद्द चाल, नाले, देवाची ठाणी, जुनी गुरं चारायची जागा दाखवायला लाव. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे, तो जागेवरच लिहून घे. जिथे दोघांचाही वापर आहे तिथे सामाईक वापराचा ठराव दोन्ही ग्रामसभांत एकाच मजकुराचा करून घे आणि दोन्ही फाइलींना जोड.